पानातला कळफलक

जून १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. अमेरिकन मराठी मिशनचे हे नियतकालिक नगरचे खरे, पण मिशनचा छापखाना होता मुंबईत. देवनागरीच्या खिळ्यांवर टॉमस ग्रॅहम यांनी जी मेहनत घेतली तीही त्या मुंबईच्या छापखान्यातच. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत आणि ते कुठेही तयार मिळत नसत. लिहिणारे नगरात, हत्यारे मुंबईत, असा तो मामला होता.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी मराठी मजकूर वेबवर जाऊ लागला तेव्हा अंतर मुंबईचे राहिले नव्हते, कॅलिफोर्नियाचे झाले होते. २००४ ते २०१४ या दशकात जगभरच्या प्रोग्रामरांमध्ये एक वाद रंगला होता: जिवंत, हाताळता येणारी, क्लिकसरशी बदलणारी वेबपाने बांधायला मुक्त स्रोतातले कोणते साहित्य चांगले? प्रोटोटाइप, डोजो, जेक्वेरी, याहूची यूआय लायब्ररी, गूगल वेब टूलकिट, ओपनलॅझ्लो अशी नावे त्यात होती. प्रत्येकाची तुलनात्मक कोष्टके निघत, वेग मोजले जात, किलोबाइट मोजले जात. मराठीसाठी मात्र या कोष्टकांत एक रकाना कायम गहाळ असे: या चौकटीत मराठी टंकता येते का?

हा प्रश्न क्षुल्लक वाटू शकतो. त्या काळच्या नगरच्या, संगमनेरच्या किंवा श्रीरामपूरच्या एखाद्या सायबर कॅफेत बसलेल्या माणसाला तो तसा वाटला नसता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतही संगणकाची ओळख पसरत होती, पण संगणकावरची मराठी म्हणजे शिवाजी, किरण, सुरेख असले फॉन्ट. या प्रत्येकात अक्षरांचे संकेतांक निराळे. सुरेखमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याची निव्वळ गिचमीड होई. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचेही तेच. ‘लोकसत्ता’ वाचायचा तर आधी मिलेनियम वरुण हा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. वाचण्याचीच ही तऱ्हा, मग पानावर स्वतः काही लिहिणे तर दूरच राहिले.

तोडगा कागदावर कधीचाच तयार होता. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला जागा मिळाली होती. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीमध्येही तो होता, पण जोडाक्षरे नीट दिसायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन क्लिष्ट लिप्यांसाठीची खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. कॅफेच्या मालकाकडे ती सीडी असेलच असे नव्हते, आणि असली तरी गिऱ्हाइकाच्या हाती तो ती देईल ही आशा फोल. या अडचणींतही १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’ हे संकेतस्थळ आले. त्याचे वैशिष्ट्य असे की लिहिणाऱ्याने संगणकात काहीही बसवायचे नाही. पानावरच्या चौकोनात रोमन कळा दाबायच्या आणि मराठी उमटायची. कळफलक पानातच होता.

पानातला कळफलक चालतो कसा, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरली. ‘नगर’ हा शब्द घ्या. लिहिणाऱ्याने ‘एन’ ही कळ दाबली की पानातला जावास्क्रिप्टचा तुकडा ती मधेच अडवतो आणि चौकोनात ‘न्’ ठेवतो. मग ‘ए’ दाबली की तो मागे वळून पाहतो, तिथे हलन्त दिसला की तो पुसतो, आणि ‘न’ पूर्ण होतो. ‘जी’ ने ‘ग्’, पुन्हा ‘ए’ ने ‘ग’. थोडक्यात, प्रत्येक कळीला मागची एक-दोन अक्षरे वाचायची, नियमांच्या यादीशी ताडायची, जुनी काढून नवी बसवायची आणि कर्सर जिथल्या तिथे ठेवायचा. नियम लिहिणे सोपे. अवघड होते ते शेवटचे, कर्सरचे काम. कर्सर कुठे आहे हे विचारण्याची इंटरनेट एक्सप्लोररची पद्धत एक आणि फायरफॉक्सची दुसरी. कोणती कळ दाबली गेली हे सांगण्याच्या पद्धतीही वेगळ्या. एकावर नीट चालणारी मराठी दुसऱ्यावर तिसऱ्याच ठिकाणी अक्षर टाकी.

ब्राउझरांच्या या भांडणावर उतारा म्हणूनच तर ती सगळी साहित्याची पेटारी निघाली होती. पान पुन्हा न उतरवता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली होती, तीही आउटलुकची वेबवरची आवृत्ती करणाऱ्यांच्या गरजेतून. पाच वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले, फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलचे नकाशे आले, त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ असे नाव दिले आणि एकदम जत्रा भरली. सॅम स्टीफन्सन यांचे प्रोटोटाइप रुबी ऑन रेल्सचा हात धरून आले. ॲलेक्स रसेल आणि मंडळींनी डोजो उभे केले. याहूने फेब्रुवारी २००६ मध्ये आपले घरचे साहित्य बीएसडी परवान्याखाली खुले केले, तर मे महिन्यात गूगलने जावामध्ये लिहून जावास्क्रिप्ट काढून देणारे वेब टूलकिट मांडले.

आणि ओपनलॅझ्लो. आज हे नाव फारसे कोणाला आठवत नाही, पण त्या वेळच्या तुलनांत ते हमखास असे. लॅझ्लो सिस्टिम्सने २००४ मध्ये ते मुक्त केले. एक्सएमएलसारख्या भाषेत पानाचे वर्णन लिहायचे आणि त्यातून फ्लॅशची चालती-बोलती फाइल तयार व्हायची. दिसायला देखणे, सरकणारे, मिटणारे, उलगडणारे, आणि ब्राउझर कोणताही असो, सारखेच दिसणारे. ॲडोबीने २००७ मध्ये फ्लॅशवरच चालणारे आपले फ्लेक्सही खुले करण्याचे जाहीर केले तेव्हा हाच वेबचा पुढचा रस्ता, असे बऱ्याच जाणकारांचे मत झाले.

मराठीच्या दृष्टीने तो रस्ता बंद होता. फ्लॅशचे इंजिन अक्षरे स्वतः काढे, संगणकाच्या लिपियंत्रणेवर सोपवत नसे, आणि भारतीय लिप्यांची नीट जुळणी करणारे नवे मजकूर-इंजिन त्यात आले ते फ्लॅश प्लेयर १० बरोबर, ऑक्टोबर २००८ मध्ये. तोवर ‘श्रीगोंदा’ किंवा ‘राहुरी’ नीट दिसण्याची खात्री नव्हती. म्हणजे जगाच्या कोष्टकात वरच्या क्रमांकावर असलेली दोन साधने मराठीसाठी पहिल्याच चाचणीत बाद. त्यातून एक फायदाही झाला. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश येणार नाही हे जाहीर पत्राने ठणकावले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबाच थांबवला. ज्या भाषांनी सगळा संसार फ्लॅशवर मांडला होता त्यांना तो आवरावा लागला. मराठीने तिथे काही मांडलेच नव्हते.

गूगल वेब टूलकिटची गोष्ट निराळी. त्यात अनेक भाषांची उत्तम सोय होती, पण भाषा पान बांधतानाच ठरवायची. प्रत्येक ब्राउझरसाठी आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुडी तयार होऊन बाहेर पडे. मोठ्या कंपनीला ते परवडते. रात्री नोकरीवरून आल्यावर हौसेने मराठी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला ते कसे परवडावे? डोजोमध्ये तारखा, आकडे, चलन यांचे जगभरचे संकेत मुळातच गुंफलेले होते. आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी त्या पिढीतले ते बहुधा सर्वांत विचारपूर्वक केलेले काम. पण ते शिकायला वेळ लागे आणि मंद जोडणीवर ते जड जाई.

जेक्वेरीत यांतले काहीही नव्हते. जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बारकॅम्पमध्ये ती दाखवली तेव्हा ती एक छोटीशी फाइल होती. भाषांचा विचार शून्य. पण पानातला कोणताही चौकोन एका ओळीत धरता येई, कळीची घटना सगळ्या ब्राउझरांवर सारखी हाती येई, आणि कोणालाही तिच्यावर आपला जोडभाग लिहिता येई. साहित्याची ही पेटी रिकामी होती म्हणूनच तिच्यात मराठीला जागा मिळाली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

तिचा खरा प्रसार झाला तो दुसऱ्यांच्या खांद्यावरून. जानेवारी २००७ मध्ये ड्रुपल ५ आले आणि त्यात जेक्वेरी आतच होती. ड्रुपल हे बेल्जियमच्या द्रिस बायटार्ट यांचे संकेतस्थळ चालवण्याचे मुक्त साहित्य, आणि मराठी वेबशी त्याचे नाते जुने. मनोगत त्यावर, मिसळपाव त्यावर, आणि १९९६ पासून चालत आलेली मायबोलीही पुढे त्यावरच गेली. ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ याच काळातले. पानात मराठी टंकण्याचे हे साहित्य त्यांनी मुक्त ठेवले, आणि मिसळपावसारख्या ठिकाणी लिहिणाऱ्यांच्या बोटांना त्याचेच वळण लागले. ‘ज्ञ’साठी कोणत्या कळा, ‘ऱ्य’साठी कोणत्या, यांचे वाद तेव्हा पुष्कळ रंगत, आणि ते रास्तच होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक ज्या साधनाला कळत नाही त्याचा मराठीला काय उपयोग?

अक्षरांचा आणखी एक किस्सा सांगायला हवा. ‘ॲडव्होकेट’, ‘ॲप’ यांतला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून आला तो एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत. काही संगणकांवर तो चंद्र अक्षरावर बसे, काहींवर शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राही. नवे अक्षर आले तरी जुना मजकूर जुन्याच रूपात राहिला. म्हणजे एकच शब्द दोन प्रकारे साठवलेला, दिसायला सारखा आणि शोधायला वेगळा. साधनांच्या कोणत्याही तुलनेत हा मुद्दा येत नसे, येण्याचे कारणही नव्हते. तो ज्याचा त्यालाच सोसावा लागला.

मग प्रश्न उभा राहिला वारशाचा: साधन बंद पडले तर ते पुढे कोण चालवणार? २००७ पासून गूगलनेही भारतीय भाषांत लिप्यंतराची सोय दिली, तीही फार चांगली. नियम पाठ करायची गरज नाही, ‘ahmednagar’ सारखे स्पेलिंग रोमनमध्ये ठोका, शब्द तोच ओळखतो. दुसऱ्याच्या पानात जोडण्यासाठी तिचा एपीआयही होता. मे २०११ मध्ये गूगलने बऱ्याच एपीआयना एका झटक्यात निवृत्तीच्या यादीत टाकले, त्यात लिप्यंतराचाही होता. ज्यांनी आपले पान त्यावर उभारले होते त्यांच्या हाती मूळ लिखाण नव्हतेच, दुरुस्त करून पुढे नेणार काय? एक्स्टजेएस या अशाच एका साहित्याच्या वापरकर्त्यांनी एप्रिल २००८ मध्ये दुसऱ्या प्रकारचा धक्का खाल्ला होता. तिथे स्रोत खुला होता, पण परवाना एलजीपीएलवरून अचानक जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला आणि ज्यांना आपला स्वतःचा कोड खुला करायचा नव्हता ते पेचात सापडले. तुलना करणाऱ्यांच्या कोष्टकात यानंतर परवान्याचा रकाना जरा ठळक झाला.

या पार्श्वभूमीवर विकिपीडियावर जे घडले ते मराठीसाठी मोलाचे ठरले, आणि त्याचा एक धागा पुण्यातून जातो. मल्याळम विकिपीडियावरचे जुनैद पी. व्ही. यांनी ‘नारायम’ हा पानात टंकण्याचा जोडभाग लिहिला होता. २०११ पासून तो भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर पसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फॉन्ट पानाबरोबरच पाठवणारा दुसरा जोडभाग आला. त्यासाठी लोहितसारखे मुक्त फॉन्ट हाताशी होते. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले आणि २०११ मध्ये फॉन्टांसाठीच्या खास मुक्त परवान्याखाली आणलेले. रेड हॅटचे भाषांचे काम मोठ्या प्रमाणात पुण्यात चाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पुण्यातल्या त्यांच्या कार्यालयात मुक्त स्रोतातल्या भाषासाधनांची परिषद भरली आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचे अभियंते तिथे होते.

त्याच वर्षी विकिमीडियाच्या भाषा चमूने एक शहाणा निर्णय घेतला. संतोष थोट्टिंगल, निक्लास लॅक्सस्ट्रॉम, अमीर अहरोनी यांच्यासारखे लोक त्या चमूत होते. नारायम आणि फॉन्टचा जोडभाग दोन्ही मीडियाविकी या विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात अडकलेले होते, म्हणजे विकिपीडियाबाहेर कोणाला वापरायचे तर सोय नाही. चमूने ते सोडवून बाहेर काढले आणि जेक्वेरीवर चार सुटे भाग केले: एक टंकलेखनाचा, एक फॉन्टचा, एक भाषा निवडण्याचा आणि एक संदेशांच्या भाषांतराचा. प्रकल्पाचे नाव मिल्कशेक. परवाना दुहेरी, जीपीएल आणि एमआयटी, ज्याला जो सोयीचा तो त्याने घ्यावा. टंकलेखनाच्या भागात मराठीसाठी लिप्यंतरही होते आणि सरकारी प्रमाण इनस्क्रिप्टही. नियमांची फाइल अशी की प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही वाचून दुरुस्त करता यावी. संदेशांचा भाग तर मराठीच्या व्याकरणाला हवा तसा होता. ‘त्याने पान बदलले’ की ‘तिने’, ‘एक संदेश’ की ‘दोन संदेश’, हे भाषांतरकाराला वाक्यातच लिहिता येई.

सगळे गोड झाले असे नाही. २०१३ मध्ये हे सगळे एकत्र करून विकिपीडियांवर चढवले, आणि जानेवारी २०१४ मध्ये पाने मंदावतात म्हणून काही काळ उतरवावेही लागले. वाचणाऱ्याकडे फॉन्ट आधीच असताना त्याला पुन्हा फॉन्ट पाठवणे म्हणजे दोघांचाही तोटा. मजकुराबरोबर लिपीचे सगळे सामान पाठवायचे, तर त्याचे ओझे कोणीतरी वाहणारच.

तोवर पायाखालची जमीनही सरकली होती. २०१३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीने अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्वरचक्र’ हा अँड्रॉइडचा मराठी कळफलक काढला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उमटे. मग गूगलचे कळफलक आले. मराठी टंकण्याचे काम पानातून निघून फोनमध्ये गेले, आणि पान बांधणाऱ्याची एक जबाबदारी कमी झाली. जामखेड-पाथर्डीच्या तरुणांच्या हाती इंटरनेट आले ते बहुतांशी फोनवरूनच. सायबर कॅफे, एक्सपीची सीडी आणि पानातला कळफलक ही भानगड त्यांच्यातल्या अनेकांनी पाहिलीच नाही.

साहित्याच्या जुन्या पिढीची पांगापांग एव्हाना सुरू झाली होती. याहूने ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या साहित्याचे नवे काम थांबवले. ओपनलॅझ्लो विस्मरणात गेले. फ्लेक्स अपाची फाउंडेशनच्या हवाली झाले. फेसबुकचे रिॲक्ट आणि इव्हान यू यांचे व्ह्यू पुढे आले, आणि २०१७ मध्ये परवान्याचे नाटक पुन्हा रंगले. रिॲक्टच्या परवान्याला पेटंटविषयी एक कलम जोडलेले होते. जुलैमध्ये अपाचीने ते आपल्या प्रकल्पांत चालणार नाही असे सांगितले, सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे मॅट मुलनवेग यांनी रिॲक्ट सोडण्याची घोषणा केली आणि आठवड्याभरात फेसबुकने माघार घेऊन एमआयटी परवाना जाहीर केला. विकिमीडियाने बरीच चर्चा करून २०२० मध्ये व्ह्यू निवडले. त्याची कारणे आपल्याकडच्या जुन्या हौशी मंडळींना लगेच पटली असती: ते थोडे थोडे करून जुन्या पानात मिसळता येते आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. मिल्कशेकमधला संदेशांचा भागही पुढे जेक्वेरीपासून सोडवला गेला, त्याचे नाव ‘बनाना’, आणि तो आता व्ह्यूबरोबरही चालतो आणि रिॲक्टबरोबरही.

टंकलेखनाच्या भागाचे असे सहज झाले नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. पानातला जुना कळफलक चौकोनातला मजकूर थेट बदलतो. रिॲक्टमध्ये चौकोनातल्या मजकुराची प्रत रिॲक्ट स्वतःकडे ठेवते आणि तिलाच खरी मानते. परक्या कोडने चौकोनात घातलेले अक्षर रिॲक्टच्या वहीत नोंदले जात नाही. नगरच्या एखाद्या तंत्रनिकेतनातल्या मुलाने रिॲक्टमध्ये मराठी अर्ज बांधला आणि त्याला जुना कळफलक जोडला तर पडद्यावर ‘अहिल्यानगर’ हे नगरचे आजचे नाव नीट उमटेल, आणि पाठवताना रकाना रिकामा जाईल. अक्षर बदलल्यावर ‘इनपुट’ ही घटना हाताने पेटवून द्यावी लागते, रिॲक्टमध्ये तर त्याआधी मजकूर ब्राउझरच्या मूळ मार्गाने बसवावा लागतो, तेव्हा कुठे वही अद्ययावत होते. व्ह्यूचा दुतर्फा बांधलेला चौकोनही याच घटनेची वाट पाहतो.